आवक तीनशे बारा

७ डिसेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, "कर्णिक, मनात येईल ते वहीत लिहा, नोटीस बोर्डावर लिहू नका. तुमचंही बीपी उतरेल आणि बिल्डिंगचंही." म्हणून ही वही. रंगाच्या दुकानदाराने दिवाळीला दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एका रंगाचं नाव छापलंय. आजचं पान 'फिका पिस्ता'.

वहीला स्वतःची ओळख करून देतात की नाही मला ठाऊक नाही, पण निनावी कागद मी आयुष्यात फाईलला लावलेला नाही. मी कुमार कर्णिक, वय साठ. पाताळगंगेच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. आता खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीचा सचिव. आणि ऑक्टोबरपासून 'खांदा क्रीडा मंडळ' या फुटबॉल संघाचाही सचिव. आधीचे सचिव खारघरला राहायला गेले, जाताना शिक्का माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "तुम्हाला शिक्क्याचा अनुभव आहे." फुटबॉलचा नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आम्ही जिल्हा लीगच्या तिसऱ्या विभागात खेळतो. चौथा विभाग नाहीये, म्हणून तिसऱ्या. आज ०–२ हरलो. माझी पद्धत सोपी आहे : दहाच्या दहा जणांनी पुढे जायचं. घरी बसून कुणाचा गोल झालाय? मागे राहतो तो एकटा गोलकीपर, ओवेस. बावीस वर्षांचा, लांबलचक हातांचा, महमूदभाई अंडीवाल्यांचा मुलगा. बोलत नाही, पळत नाही, नुसता उभा असतो. वॉचमनचीच नोकरी म्हणायची.

मी मात्र रजिस्टर ठेवलंय. आपल्या गोलकडे आलेला प्रत्येक बॉल म्हणजे आवक. ओवेसने अडवला तर 'परत'. आत गेला तर 'स्वीकृत'. स्टोअर्समध्ये एकतीस वर्षं हेच केलं. आज आवक ३१, परत २९, स्वीकृत २. मॅच संपल्यावर ओवेसला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, एकतीस वेळा बॉल तुझ्याकडे येतो म्हणजे काय? तू येऊच का देतोस?"

तो म्हणाला, "सॉरी काका."

मुलगा नम्र आहे, एवढं खरं.

१४ डिसेंबर, रविवार

मंडळाला नियमावलीच नव्हती! ऐकून मला घाम फुटला होता. दोन दिवस बसून सोसायटीचे उपविधी घेतले आणि 'सदनिका' या शब्दाच्या जागी 'खेळाडू' हा शब्द घातला. कॉम्प्युटर एका दमात सगळीकडे बदलून देतो. आज मॅचआधी सर्वांना उभं करून वाचून दाखवली.

प्रितेशने हात वर केला. हा आमचा आघाडीचा खेळाडू, जवळच्याच गावातला. केस असे की प्रत्येक धावेनंतर ते सावरायला वेगळा वेळ लागतो. वर्षभरात एकही गोल नाही, पण चुकवतो इतकं देखणं की बघत राहावं. म्हणाला, "काका, ह्ये कलम अठरा काय हाय? 'खेळाडूला गळती लागल्यास वरच्या मजल्यावरील खेळाडूने दुरुस्ती करून द्यावी'?"

"आणि 'खेळाडूस ग्रिल बसवण्यापूर्वी सचिवांची लेखी परवानगी घ्यावी'?" दुसरा कुणीतरी.

एखाददुसरं राहून गेलं असेल. पण टाळ्या वाजवून मंजूर झाली, आता बदल वार्षिक सभेत.

मॅच ०–१. आवक ३६, परत ३५. ओवेसची बहीण हिबा आली होती, खारघरला लॉ करते. माझ्या रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. कशाला विचारलं तर म्हणाली, "काका, असं रजिस्टर कुणीच ठेवत नाही."

घरी येऊन बायकोला, अरुंधतीला, सांगितलं. ती म्हणाली, "खरंच आहे, कुणीच ठेवत नाही." दोघींचे शब्द तेच, सूर काही तो नव्हता.

१७ डिसेंबर, बुधवार

मार्केटात महमूदभाईंच्या दुकानी गेलो. हाफटाइमची उकडलेली अंडी तेच देतात, त्याबद्दल त्यांना मंडळाचं आश्रयदाता सभासदत्व दिलंय. टेम्पो खाली होत होता. वरचा माणूस ट्रे सोडतो, खाली ओवेस झेलतो. एका ट्रेमध्ये तीस अंडी. मी ओवेसशी मॅचबद्दल बोलत असताना वरच्याच्या हातून एक ट्रे निसटला. ओवेस मध्येच वाकला, गुडघ्यापाशी एका हाताने ट्रे धरला, खाली ठेवला. मी म्हटलं, "मोठ्या माणसांशी बोलताना असं मध्येच वाकू नये."

महमूदभाई म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तीस वर्षं झाली धंद्याला. ह्या हातातून एक ट्रे पडला नाही. अल्लाची मेहरबानी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ओवेसचं तीन फेब्रुवारीचं तिकीट काढलंय, कुवेतचं. शाहीद, त्याचा मामू, तिथे मोठ्या दुकानात आहे. व्हिसा आला. किती दिवस बॉलच्या मागे उभं राहायचं? माझे गुडघे गेलेत. पोरगा मार्गी लागला की मी मोकळा."

ओवेस पहिल्यांदाच माझ्यासमोर पूर्ण वाक्य बोलला. "अब्बा, तुम्ही म्हणालात, मोठ्या क्लबचा कागद आला तर तिकीट रद्द."

"म्हणालो. जबान दिली. पण कागद. तोंडी नाही. आणि तीन तारखेच्या आत."

मला हसू आलं. तिसऱ्या विभागातून मोठ्या क्लबात! कधी तरी होतं म्हणे असं. गल्लीत खेळणारा एकदम स्टेडियममध्ये जातो, पेपरात येतं. पण ते गोल मारणारे असतात. मी महमूदभाईंना सांगितलं, "उत्तम निर्णय. गोलकीपर काय, आम्हाला कुणीही मिळेल." ओवेस आत निघून गेला. अंडी मोजायला असेल.

२१ डिसेंबर, रविवार

मोठी बातमी! मैदानावर एक गृहस्थ आले होते. हातात वही, गळ्यात ओळखपत्र. मैदानाच्या कडेने फिरत होते, थांबत होते, वाकून बघत होते, लिहीत होते. प्रितेशसमोर तर दहा मिनिटं उभे होते. कुठल्या तरी मोठ्या क्लबचा माणूस असणार. मी जाऊन खुर्ची दिली, चहा दिला, दोन वडापाव दिले. काही बोलले नाहीत. बोलणार कसे, गुप्त काम असतं.

एक कटकट. आमच्या गोलच्या मागे एक बाई फोल्डिंग स्टूल टाकून बसली होती. टोपी, शेंगदाण्याची पुडी, मोबाईलवर शूटिंग. ओवेसचं लक्ष विचलित होईल म्हणून तिला उठवलं. म्हटलं, गोलमागे बसायची परवानगी नाही. तिने विचारलं, "कुणाची लागते?" म्हटलं, "माझी." ती हसली आणि चार पावलं मागे जाऊन बसली.

आवक ३८. परत ३६.

२८ डिसेंबर, रविवार

वहीवाले गृहस्थ पुन्हा आले. तीन वडे. प्रितेशला सांगून ठेवलंय, शक्यतो त्यांच्या बाजूनेच धाव. तो इतका त्यांच्या बाजूने धावला की बॉल दुसरीकडेच राहिला.

स्टूलवाली बाईही आली. या वेळी तिच्या शेजारी हिबा. कॉलेजची मैत्रीण दिसते. बोर्ड लावला : 'गोलमागे बसण्यास सक्त मनाई. आदेशावरून.' तिने बोर्डचाही फोटो काढला.

११ जानेवारी, रविवार

लिहायची इच्छा नाही, पण डॉक्टरांना शब्द दिलाय. वहीवाले गृहस्थ आज आपणहून माझ्याकडे आले आणि एक कागद दिला. मैदानाच्या कडेच्या तीन डबक्यांत डासांच्या अळ्या सापडल्या आहेत, सात दिवसांत बंदोबस्त करावा. कागद मंडळाच्या सचिवांच्या नावे. महिन्यात नऊ वडे खाल्ले त्यांनी! वर म्हणाले, "तुमच्यासारखा सहकार्य करणारा माणूस मी पाहिला नाही."

प्रितेशला सांगायचं धाडस झालं नाही. त्याने केस कापायचंसुद्धा पुढे ढकललं होतं.

आजचं पान 'राख'. बरोबर आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी मंडळाच्या ईमेलवर पत्र. दर्यावर्दी एफसी! देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधला क्लब!  चष्मा लावून वाचलं : 'आपल्या गोलरक्षकास १९ ते २१ जानेवारी या तीन दिवसांच्या चाचणीसाठी पाठवावे.'

साधी टायपिंगची चूक. लगेच उत्तर पाठवलं : 'आपल्या पत्रातील गोलरक्षक या शब्दाऐवजी आघाडीचा खेळाडू असे वाचावे.' सोबत प्रितेशचे सहा फोटो.

पाच मिनिटांत उत्तर आलं : 'गोलरक्षकच. ओवेस महमूद. आपला बोर्ड लक्षात आहे. कळावे, कीर्ती सामंत, खेळाडू शोध विभाग.' नावाशेजारी छोटा फोटो. टोपी तीच.

अरुंधतीला दाखवलं. ती इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं, आणि तेही मलाच पुसावं लागलं.

मला अजून कळत नाही. हजारो गोलकीपर आहेत. आमचाच का? हिबाला फोन केला. ती म्हणाली, "काका, तुमच्या रजिस्टरमुळे. पानांचे फोटो मी सतरा क्लबांना पाठवले होते. सोळा गप्प. कीर्तीताईंना वाटलं, हे आकडे खोटे आहेत, म्हणून बघायला आल्या. एका मॅचमध्ये छत्तीस बॉल कुठल्याच गोलकीपरकडे येत नाहीत म्हणे. आल्यावर कळलं की तुम्ही खरंच कुणालाच मागे ठेवत नाही."

ही स्तुती आहे की काय, हे मी नंतर ठरवेन.

२२ जानेवारी, गुरुवार

ओवेस चाचणी देऊन आला. कसं झालं विचारलं तर म्हणाला, "बरं झालं काका. तिथे माझ्यासमोर चार जण उभे होते. मला वाटलं, हे वाट चुकलेत."

२७ जानेवारी, मंगळवार

घेतला! ओवेसला घेतला!

करारपत्र आलं. महमूदभाईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, उजेडात धरला, परत दिला. म्हणाले, "तीन तारखेपर्यंत पक्का झाला तर बघू." पक्का व्हायला एकच गोष्ट हवी : आमच्या मंडळाचा ना हरकत दाखला. शनिवारी ३१ तारखेला संध्याकाळी पाच वाजता खेळाडूंच्या बदल्या बंद होतात. त्यानंतर थेट जून. आणि तिकीट तर तीन फेब्रुवारीचं.

हिबा म्हणाली, "काका, शिक्का मारा, मी आत्ताच बदल्यांच्या वेबसाइटवर चढवते."

मी शिक्का काढला. शाईच्या पॅडवर दाबला. आणि मला कलम सत्तावीस आठवलं. 'खेळाडूचे हस्तांतर करावयाचे असल्यास विशेष सर्वसाधारण सभेची मंजुरी आवश्यक. सभेची सूचना पूर्ण पाच दिवस आधी द्यावी.'

आज सत्तावीस. पूर्ण पाच दिवस म्हणजे दोन फेब्रुवारी. शिक्का हातातच राहिला, शाई अंगठ्याला लागली.

२८ जानेवारी, बुधवार

जेवण गेलं नाही. अरुंधती म्हणाली, "नियम तुम्हीच लिहिलेत ना?"

"म्हणून तर!"

"मग मारा शिक्का. कोण बघायला येणार आहे?"

"मी बघणार आहे," मी म्हणालो. शिवाय नियमावलीची प्रत मीच हौसेने जिल्हा संघटनेला पाठवली होती, पोच घेऊन. उद्या एखाद्याने हरकत घेतली तर पोरगा अर्ध्यावरून परत यायचा. तोपर्यंत कुवेतही गेलेलं असेल.

खरं लिहितो. मला लाज वाटतेय. त्या मुलाने तीन महिने एकट्याने उभं राहून आमची अब्रू झाकली, आणि मी त्याला दर रविवारी विचारत राहिलो की तू बॉल येऊच का देतोस. आता एका कागदावर त्याचं आयुष्य अडलंय आणि तो कागद मी अडवून बसलोय. आपल्याच हाताने आपल्याच पायावर कुऱ्हाड मारली असती तर चाललं असतं. हा दुसऱ्याचा पाय आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

हिबा सकाळी सातला दारात. रात्रीत अख्खी नियमावली वाचून काढली होती. म्हणाली, "कलम बत्तीस, काका. 'सर्व सभासदांनी लेखी संमती दिल्यास सभेची आणि सूचनेच्या मुदतीची अट लागू राहणार नाही.' हे तुम्ही काढायला विसरलात."

मी म्हटलं, "मी काहीही विसरत नाही. दूरदृष्टीने ठेवलं होतं."

सभासद अठरा. पण सर्व म्हणजे सर्व. एकही सही कमी चालणार नाही. पहिली माझी. ओवेसची दुसरी. आणि अठरावी, आश्रयदाता सभासद, महमूदभाई. ज्यांच्या सहीने त्यांनीच काढलेलं तिकीट रद्द होणार, त्यांच्याकडेच सही मागायची.

तिकडे शेवटी जायचं ठरवलं. भीती वाटली म्हणून.

३० जानेवारी, शुक्रवार

दिवसभर प्रितेशच्या बाईकवर मागे बसून फिरलो. त्याचे केस माझ्या तोंडात.

खरं तर त्याची सही मागायलाच मी चाचरत होतो. दर्यावर्दीचं स्वप्न त्याला मीच दाखवलं होतं ना! तो म्हणाला, "काका, मला म्हाईत हाय मी गोल मारत नाय. तुमीच सांगत व्हते, तू मोठा होनार. माझ्या चुकलेल्या गोलांच्या रीलला चाळीस हजार लोक हायेत. एक जरी गोल झाला ना, तर लोक सोडून जातील. आना कागद." आणि सही करून वर बाईकची किल्ली फिरवली.

खारघरला दोन सभासद. एक जिमच्या ट्रेडमिलवर होता, थांबायला तयार नव्हता. धावताधावता सही केली. कार्डिओग्रामसारखी दिसते, पण चालेल. द्रोणागिरीला एक जण गोदामात कामाला. गेटवरचा माणूस आत सोडेना. पास नाही तर प्रवेश नाही. मी म्हटलं, "आवक रजिस्टर द्या." त्याने दिलं. मी लिहिलं : 'मालाचे वर्णन : सचिव. नग : एक. स्थिती : वापरलेला.' त्याने न वाचता सही केली आणि आत सोडलं. एकतीस वर्षांची विद्या वाया जात नाही.

संध्याकाळपर्यंत सतरा सह्या. कंबर गेली. उद्या अठरावी.

३१ जानेवारी, शनिवार

सावकाश लिहितो. काही सुटायला नको.

तीन वाजता दुकानी गेलो. मी, हिबा, ओवेस. महमूदभाई ट्रे रचत होते. कागद पाहिला. म्हणाले, "करार मे महिन्यापर्यंतचा. पुढे?"

हिबाने करारपत्राचं शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं.

"कुवेतची नोकरी दोन वर्षांची. पुढेही आहे. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही पगारवाले लोक. पेन्शन आहे. आमचा माल एकदा पडला की गेला. मे महिन्यात हा परत आला, व्हिसा गेलेला, मग काय करू? जबान मी दिली, मान्य. पण बाप आहे मी. मला सांगा, ह्या पोरात असं काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फुटबॉलबद्दल मला काय माहीत! मी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "बारा मॅच. आवक तीनशे बारा. परत दोनशे एकोणनव्वद. स्वीकृत तेवीस."

महमूदभाईंनी चष्मा लावला. पान न् पान पाहिलं. माणूस धंद्याचा, आकडे बोटाने जोखत गेला. मग वर बघून म्हणाले, "तीनशे बारात तेवीस फुटली?"

"हो."

"माझ्या दुकानात कुणी एवढी फोडली असती तर हाकलून दिला असता."

ओवेसने मान खाली घातली. आणि मला संताप आला. इतका संताप मला पार्किंगच्या भांडणातसुद्धा आलेला नाही. मी ओरडलो, "भाई! तुमच्या अंड्यांवर दहा-दहा जण धावून येऊन लाथ मारतात का? बारा रविवार लोकांनी ह्या पोराच्या तोंडावर लाथेने मारलेत बॉल! आणि त्याच्या मदतीला पुढे एक माणूस नव्हता. एक नाही! मी सगळ्यांना पाठवून दिलं होतं. मला काही कळत नाही फुटबॉलमधलं, भाई. मी दर रविवारी त्यालाच ओरडलो. त्याने एकदाही सांगितलं नाही की काका, चूक तुमची आहे. तो म्हणाला, सॉरी काका."

 महमूदभाई ओवेसकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते. हसताहसता खाली स्टुलावर बसले.

"लाथेने मारतात," ते म्हणाले, "आणि दोनशे एकोणनव्वद शाबूत!" ओवेसचे दोन्ही हात हातात घेऊन उलटे-सुलटे करून पाहिले, कालपरवा करारपत्र पाहिलं होतं तसेच. "कागद म्हणालो होतो. कागद आला. जबान म्हणजे जबान." आणि सही केली. उर्दूत केली, मग खाली मराठीत केली, मग म्हणाले, "इंग्रजीत पण हवी का?"

चार वाजून दहा मिनिटांनी मी शिक्का मारला. उलटा बसला. पुन्हा मारला. चार एकेचाळीसला हिबाने वेबसाइटवर चढवला आणि चार बावन्नला हिरवी खूण आली.

ओवेस माझ्या पाया पडायला वाकला. या वेळी मी त्याला मध्येच वाकल्याबद्दल काही बोललो नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कुवेतचं विमान गेलं. ओवेस त्यात नव्हता. मामूंसाठी बांधलेला सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा, डबा मात्र एका ओळखीच्या माणसाबरोबर गेला. ओवेस सकाळीच दर्यावर्दीला निघाला. हव्वाबींनी, म्हणजे त्याच्या आईने, जाताना तीस उकडलेली अंडी दिली. मी नियमावलीची प्रत दिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

नवीन गोलकीपर प्रितेश. आवक ४४. परत ९. पुढचं लिहिणार नाही. रीलला मात्र साठ हजार झाले म्हणे.

पुढच्या रविवारपासून चार जण मागे ठेवायचे, असं ठरवलंय. सूचक मी, अनुमोदक मी.

२२ मार्च, रविवार

काल ईद झाली. आज महमूदभाईंनी शीरखुर्म्याला बोलावलं, तेही दुकानात, कारण दुकानात टीव्ही बसवलाय. दर्यावर्दीच्या पहिल्या गोलकीपरच्या बोटाला लागलं आणि ओवेसचं नाव लागलं. ओवेस महमूद, पनवेल. टीव्हीवर खाली अक्षरांत आलं. अरुंधतीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय.

मी रजिस्टर नेलं होतं. पण समोर चार जण, त्यांच्या पुढे आणखी चार. बॉल येईचना! अर्धा तास झाला, आवक शून्य. म्हटलं, याला एवढ्यासाठी नेला? आमच्याकडे पोराला काम तरी होतं. पुढच्या पंचावन्न मिनिटांत आवक तीन, परत तीन.

महमूदभाईंनी आजवर ओवेसची एकही मॅच पाहिलेली नव्हती. रविवार म्हणजे गिऱ्हाईक. आजही टीव्हीकडे पाठ करून ट्रे उचलून मांडत होते. "तुम्ही बघा, मला काय कळतं त्यातलं." पण ट्रे एकाच जागेवरून उचलून पुन्हा त्याच जागी ठेवत होते, हे मी स्टोअर्सचा माणूस असल्यामुळे मला दिसलं.

मग शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. ओवेस एकटा, समोर एकटा माणूस. मधे कुणी नाही. हिबाने डोळे झाकले. हव्वाबी काहीतरी पुटपुटत होत्या. महमूदभाई वळले. ट्रे हातात तसाच.

त्या माणसाने लाथ मारली. ओवेस डावीकडे झेपावला आणि बॉल त्याच्या हातात राहिला. अडला नाही, उडाला नाही. नुसता हातात राहिला. मग त्याने तो खाली ठेवला, अगदी हळू.

आणि दुकानात खाडकन आवाज झाला. महमूदभाईंच्या हातून ट्रे पडला होता. तीस वर्षांतला पहिला. पिवळं सगळीकडे, माझ्या चपलेवर, अरुंधतीच्या साडीवर, टीव्हीच्या वायरीवर.  महमूदभाई तसेच उभे, रिकामे हात पुढे धरून, गालांवरून पाणी वाहतंय.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "लिहा."

मी रजिस्टर उघडलं. आधी ओवेसचं लिहिलं : आवक चार, परत चार. मग खाली नवी ओळ आखली आणि ते सांगत गेले तसं लिहिलं. आवक तीस. फुटली तीस. शेरा : हरकत नाही.